माण तालुक्याचा वाळवंटीकरण-जोखीम नकाशा: कामाच्या नोंदी

५ नोव्हेंबर २०२३

काम ठरलं. सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातल्या काही गावांना नकाशा हवाय: कुठलं गायरान दोन-तीन वर्षं चराईला बंद ठेवायचं, कुठे मातीकाम करायचं, आणि कुठे अजिबात हात लावायचा नाही. मी शिकवतो भूगोल आणि क्यूजीआयएस (नकाशे करायचं फुकट सॉफ्टवेअर) येतं, म्हणून हे माझ्या गळ्यात पडलं. दुसऱ्या तालुक्यात कुणी हेच करायला घेतलं तर आमच्याएवढा वेळ वाया जाऊ नये, म्हणून या नोंदी.

तयार नकाशावर भागेल का, ते आधी पाहिलं. अहमदाबादच्या इस्रोच्या अंतराळ उपयोग केंद्राने देशाचा वाळवंटीकरण व भूमी-अवनती अ‍ॅटलास काढला आहे, २०१६ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये. नव्या आवृत्तीप्रमाणे २०१८-१९ मध्ये देशाची ९.७८५ कोटी हेक्टर, म्हणजे २९.७७ टक्के जमीन अवनत, म्हणजे खालावलेली. महाराष्ट्राचा आकडा ४५ टक्क्यांच्या आसपास. (२०१६ च्या यादीत पन्नास टक्क्यांच्या वर असलेल्यांत राजस्थानाच्या जोडीला गोवाही आहे. वाळवंटीकरण म्हणजे वाळूच्या टेकड्या नव्हेत, हे वर्गात सांगायला याहून चांगलं उदाहरण नाही.) पण हा नकाशा १:५,००,००० प्रमाणावर आहे. त्यावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर अर्धा किलोमीटर, आणि आमची बरीच गायरानं त्या एका मिलिमीटरात मावतात. राज्याच्या नियोजनाला ठीक, ग्रामसभेला निरुपयोगी.

म्हणजे स्वतः करणं आलं.

१४ नोव्हेंबर

सीमांचाच घोळ. गावांच्या हद्दींच्या दोन शेपफाइल (नकाशाच्या संगणकी फाइल) मिळाल्या, दोन्ही एकमेकींवर बसत नाहीत. कुठली खरी ते ठरवायला भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या ४७ के मालिकेच्या टोपोशीटचं स्कॅन घेतलं, कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश देऊन बसवलं, तर विहिरी आणि देवळं शंभर-दीडशे मीटर सरकलेली. कारण साधं होतं. जुनी टोपोशीट एव्हरेस्ट गोलाभावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या मापावर काढलेली आहे आणि मी ती डब्ल्यूजीएस ८४, म्हणजे आजच्या जीपीएसच्या मापावरची समजून बसवली. क्यूजीआयएसमध्ये आधी कल्याणपूर संदर्भ निवडायचा आणि मग रूपांतर करायचं. सगळे थर शेवटी मीटरमध्ये मोजणाऱ्या यूटीएम ४३ उत्तर या प्रक्षेपणात (सॉफ्टवेअरमधला क्रमांक ईपीएसजी ३२६४३) आणले. मीटरमध्ये मोजायचं असेल तर हे पहिल्याच दिवशी करून टाका. अंशांमध्ये उतार काढला तर सगळा तालुका कड्यासारखा उभा दिसतो.

गावांची नावं मराठीत ठेवायची होती. शेपफाइलमध्ये ती प्रश्नचिन्हं होऊन बसली आणि स्तंभांची नावं दहा बाइटांवर तुटली. जिओपॅकेज या नव्या फाइल-प्रकारात जतन केल्यावर दोन्ही कटकटी संपल्या.

२८ नोव्हेंबर

पाऊस. याच जिल्ह्यात महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि आमच्या तालुक्यात म्हसवडकडे पाचशेची मारामार. सह्याद्रीची पर्जन्यछाया पुस्तकात एका ओळीत संपते. नकाशात ती पूर्व-पश्चिम कशी उतरते हेच तर पाहायचं होतं.

हवामान विभागाच्या जाळीचा पाऊस १९०१ पासूनचा मिळतो, पण चौकट पाव अंशाची, म्हणजे साधारण २७ किलोमीटर. तालुक्यावर मोजक्याच चौकटी पडतात. चर्प्स या उपग्रहावर आधारलेल्या पावसाच्या संचाची चौकट साडेपाच किलोमीटरची, १९८१ पासून पुढची. ती बरी वाटली. मग महसूल मंडळांच्या पर्जन्यमापकांचे राज्याच्या महारेन संकेतस्थळावरचे आकडे शेजारी ठेवले. वर्षाची बेरीज जुळते, पण वळवाचे पाऊस चर्प्स गुळगुळीत करून टाकतं. मलवडीला ढग फुटावा आणि दहिवडीत ठिपकाही पडू नये, हा इथला नेहमीचा पाऊस. उपग्रहाच्या जाळीत दोन्हीकडे मध्यम सरी. धूप होते ती मात्र ढगफुटीनेच. सरासरी चर्प्सची घेतली आणि तीव्र पावसाचे दिवस मंडळांच्या नोंदींतून मोजले.

शुष्कता निर्देशांक म्हणजे पाऊस भागिले संभाव्य बाष्पोत्सर्जन (जमीन आणि झाडं मिळून हवेत जाऊ शकेल एवढं पाणी). संयुक्त राष्ट्रांच्या वाळवंटीकरणविरोधी कराराच्या व्याख्येत ०.०५ ते ०.६५ मधली जमीन येते. आमचा तालुका सगळाच ०.२ ते ०.५ च्या निमशुष्क पट्ट्यात. व्याख्येत बसलो, पण नकाशात फरक दाखवायला या थराचा उपयोग शून्य.

१५ डिसेंबर

पहिला पूर्ण नकाशा तयार झाला आणि टाकून दिला.

पद्धत मेडालसची घेतली होती. युरोपातल्या भूमध्यसागरी भागासाठी १९९९ मध्ये मांडलेली ही पद्धत जगभर वापरतात, कारण सोपी आहे: माती, हवामान, वनस्पती आणि व्यवस्थापन असे चार निर्देशांक, प्रत्येकाला १ ते २ गुण, चौघांचा गुणाकार करून चतुर्थ मूळ. १.१७ च्या खाली निर्धास्त, १.३८ पासून वर गंभीर. पोर्तुगाल, इटली आणि ग्रीसच्या जमिनीवर ती बेतलेली आहे. माणदेशात तिचे तीन सांधे निखळतात.

पहिला, पावसाचा वर्ग. त्यांचा मधला वर्ग २८० ते ६५० मिलिमीटर. आमचा जवळजवळ सगळा तालुका त्यात. एका निर्देशांकाला सरसकट २ पडले तर बाकीचे तिन्ही अगदी १ असले तरी उत्तर १.१९ येतं, म्हणजे बिनदोष जमीनही आपोआप संशयित. सगळा नकाशा एकाच रंगाच्या छटांत आला, त्याचं हे कारण.

दुसरा, उताराची दिशा. तिथे दक्षिणेकडे तोंड केलेला उतार तापतो, म्हणून त्याला वाईट गुण. आमच्याकडे सतरा-अठरा अक्षांशांवर सूर्य वर्षातून दोनदा डोक्यावर येतो आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत चक्क उत्तरेला असतो. हा थर काढूनच टाकला.

तिसरा सगळ्यात घातक: दगड. मेडालसमध्ये ६० टक्क्यांहून जास्त दगडगोटे असलेल्या जमिनीला १, म्हणजे उत्तम गुण, आणि २० टक्क्यांहून कमी दगड असतील तर २. त्यामागचा विचार बरोबर आहे: वर पसरलेले दगड बाष्पीभवन रोखतात, थेंबाचा मार झेलतात. पण आमच्या माळावर दगड वर दिसतात ते बहुतेक ठिकाणी मधली माती वाहून गेली म्हणून. परिणाम असा, की नकाशात उघडा पडलेला मुरूम हिरवा आणि नदीकाठची काळी जमीन लाल. हा नकाशा गावात दाखवला असता तर पुन्हा कुणी दारात उभं केलं नसतं.

दगडाचा गुण आता खोलीशी बांधायचा. खाली वीतभर तरी माती असेल तर दगड चांगला. नसेल तर दगड म्हणजे धुपेची खूण. पण त्यासाठी मातीची खोली माहीत हवी, आणि तो थर कुठेच नाही.

६ जानेवारी २०२४

वनस्पतीसाठी सेंटिनेल-२ हा युरोपचा उपग्रह, दहा मीटरचं चित्र. ऑक्टोबरअखेरची चित्रं घेतली, आकाश निवळलेलं आणि गवत अजून उभं. २०२१ पर्यंत एनडीव्हीआय (तांबड्या आणि अवरक्त प्रकाशावरून काढलेला हिरवाईचा आकडा) ठीक, २०२२ पासून पुढे सगळीकडे एकदम घसरलेला. ऊस, डोंगर, तलावाकाठ, सगळीकडे सारखा. खरी जमीन अशी शिस्तीत खालावत नाही, म्हणून शोध घेतला.

२५ जानेवारी २०२२ पासून सेंटिनेलच्या प्रक्रियेत बदल झाला आणि प्रत्येक पट्ट्याच्या आकड्यात १००० मिळवले जाऊ लागले. ते वजा न करता भागाकार केला की एनडीव्हीआय पडतो. तांबडा पट्टा १५०० आणि अवरक्त ३००० असेल तर उत्तर ०.३३; दोन्हीत हजार मिळवा, उत्तर ०.२३. एका रात्रीत गवताळ माळाचा उजाड माळ. जुनी चित्रंही नंतर नव्या पद्धतीने पुन्हा तयार केलेली आहेत, त्यामुळे नुसती चित्राची तारीख पाहून ठरवू नका. फाइलसोबतच्या मेटाडेटात वजाबाकीचा आकडा लिहिलेला असतो, तो वाचा. गूगल अर्थ इंजिन (चित्रं न उतरवता इंटरनेटवरच हिशेब करण्याची सोय) वापरणार असाल तर सेंटिनेलचा ‘हार्मोनाइज्ड’ नावाचा संच घ्या, ही डोकेदुखी तिथे आधीच काढलेली आहे. मी चित्रं उतरवून घेतली होती, कारण इथली वीज आणि इंटरनेट. डिस्क भरली, आठवडे गेले. शेवटी अर्थ इंजिनवरच गेलो.

२५ जानेवारी

नवी अडचण: दुरुस्त केलेल्या मालिकेत तालुका सुधारतोय! २०१७ ते २०२३ जवळपास सगळीकडे हिरवी रेघ वर चढते.

ही सुधारणा पावसाची आहे, जमिनीची नाही. २०१८ ला तालुका दुष्काळग्रस्त जाहीर झाला होता, पुढच्या उन्हाळ्यात चारा छावण्या लागल्या होत्या. त्यानंतरची बहुतेक वर्षं बरी गेली. सुरुवातीला दुष्काळ आणि पुढे ओली वर्षं असलेली कुठलीही मालिका वरच चढणार. ‘जलसंधारणामुळे इतके टक्के हिरवाई वाढली’ असे नकाशे फिरत असतात, त्यांत सुरुवातीचं वर्ष कुठलं घेतलंय ते जरूर पाहावं.

उपाय दोन केले. मालिका मागे नेली: अमेरिकेच्या लँडसॅट-५ उपग्रहाची चित्रं १९८४ पासूनची आहेत, पुढे ७ आणि ८. लँडसॅट-७ मध्ये ३१ मे २००३ नंतर काळ्या तिरप्या पट्ट्या येतात, तिथे दोन-तीन तारखांची चित्रं एकत्र करून भरून काढावं लागतं. ८ चा संवेदक ५ पेक्षा किंचित जास्त एनडीव्हीआय दाखवतो, तोही जुळवून घ्यायचा. दुसरं म्हणजे पाऊस वजा केला. प्रत्येक चौकटीसाठी जून ते ऑक्टोबरचा पाऊस आणि ऑक्टोबरअखेरची हिरवाई यांचं नातं काढायचं, आणि पावसाने समजावता येत नाही तेवढं उरलेलंच पाहायचं. उरलेलं वर्षानुवर्षं घटत असेल तर जमीन पूर्वीएवढ्याच पावसात कमी गवत देतेय. हा नकाशा पहिल्यांदा ओळखीचा वाटला: डोंगरपायथ्याच्या माळांवर घट, नदीकाठी वाढ.

नदीकाठची वाढ उपशाच्या पाण्याची. तो सगळा पट्टा वेगळा काढून ठेवला. बागायत आणि माळ एकाच फूटपट्टीने मोजण्यात अर्थ नाही.

११ फेब्रुवारी

मातीची खोली. जागतिक मातीजाळीत २५० मीटरच्या चौकटीला एक आकडा मिळतो. आमच्या माळावर तो इतका उदार होता की तिथे ऊस लावावा. इथला उतार पन्नास पावलांत बदलतो: वर उघडा मुरूम, मध्ये बरड, खाली नाल्याच्या कडेला दोन पुरुष काळी.

म्हणून पहार. ठरावीक ठिकाणी पहार मारायची, अडली की टेप लावायचा. शिवाय फुकटचे छेद पुष्कळ असतात: विहिरीचा काठ, रस्त्याची कापणी, शेततळ्याची कड, नाल्याचा उभा काठ. तिथे खोदायलाच नको, नुसतं मोजायचं आणि फोनवर स्थान टिपायचं. फोनचं जीपीएस पाच-दहा मीटर इकडे-तिकडे होतं, दहा मीटरच्या चित्राला चालतं. दरीत मात्र थांबून आकडा स्थिर होऊ द्यावा लागतो.

मेडालसच्या खोलीच्या इयत्ता (१५, ३० आणि ७५ सेंटिमीटर) इथे छान बसतात, कारण शेतकऱ्यांच्या इयत्ताही तिथेच बदलतात. पंधराच्या आत माळ, तीसपर्यंत बरड, तिथे बाजरी आणि मटकी. त्याच्या खाली गेलं की ज्वारीची जमीन. शेतकऱ्याला ‘खोली किती’ विचारलं तर अंदाज चुकतो. ‘इथे काय पिकतं आणि पाऊस लांबला तर किती दिवस तग धरतं’ विचारलं तर क्वचितच चुकतो. नंतर नंतर पहार निम्म्या जागीच मारली, बाकी पिकावरून भरलं.

मधल्या जागांसाठी उतार आणि जमिनीचा बाक यांवरून अंदाज काढला. उंचीचं प्रारूप कोपर्निकसचं ३० मीटरचं. ते झाडांचे शेंडे धरून मोजतं, पण आमच्याकडे झाडांची तेवढी अडचण नाही.

या फेऱ्यांत एक मेंढपाळ आजोबा बरोबर होते. वय झाल्यामुळे आता मेंढरांमागे कोकणात जात नाहीत. माझ्या नकाशात ज्या माळावर सगळ्यात गडद लाल होता, तिथे मी पहार मारत बसलो. बोटभर माती, खाली मुरूम. मी मान हलवली. ते म्हणाले, “सर, ह्या माळाला माती नव्हतीच कधी. गवात व्हतं. ते गेलं का न्हाई, त्ये बगा.”

गवत होतं. पवन्या आणि मारवेल ही चाऱ्याची चांगली गवतं कमी, कुसळी जास्त, पण धस्कटं जागच्या जागी. पलीकडच्या, माझ्या नकाशात फिकट असलेल्या उतारावर मात्र माती वीतभर असूनही बुंधे उघडे पडलेले, मुळ्या बोटभर वर, आणि पाण्याने पाडलेल्या चऱ्या. खरा जाणारा तो उतार होता.

यावरून सगळी मांडणी बदलतोय. उथळ असणं हा माळाचा मूळ स्वभाव; तो दोष नव्हे. दोन वेगळे थर करायचे: जमीन मुळातच कशी आहे हा एक, आणि ती बदलतेय का हा दुसरा. दोन्हींचं एकच उत्तर काढलं की उत्तम कुरणसुद्धा ‘पडीक’ ठरतं, मग तिथे कुणी तरी जेसीबी घेऊन चर खणायला येतं आणि जे गवत माती धरून बसलं होतं तेच उपटून निघतं. असे चर खणलेले माळ मी याच महिन्यात पाहिलेत. चरांच्या भरावावर गिरिपुष्प वाढलंय, मधल्या जागेत काहीच नाही.

१० मार्च

उन्हाळी हिरवाईचे दोन फसवे नमुने. इथे जरा सविस्तर लिहितो, कारण दुष्काळी तालुक्यात दुसऱ्या कुणालाही हेच दोन भेटणार.

वेडी बाभूळ. ओढ्याच्या कडेला, पडीक गायरानात, जुन्या तलावाच्या गाळात. बारा महिने हिरवी, म्हणून मेच्या चित्रात झळकते आणि कलरेषेत ‘सुधारणा’ म्हणून येते. खाली गवत उगवू देत नाही आणि एकदा गायरान व्यापलं की चराई संपली. ओळखायची कशी? ऑक्टोबर आणि मे मधला फरक पाहायचा. गवताळ माळ ऑक्टोबरात हिरवा आणि मेमध्ये करडा होतो, फरक मोठा. वेड्या बाभळीत फरक अगदी कमी. बागायतीतही कमी असतो, पण बागायतीला बांध असतात, कडा सरळ. बाभळीचा आकार ओघळाप्रमाणे वेडावाकडा. शेवटचा भाग हातानेच आखला, उच्च क्षमतेच्या चित्रावरून. यंत्राला शिकवायचा प्रयत्न केला होता, त्याने गिरिपुष्पाची लागवड आणि बाभूळ एकच करून टाकली.

डाळिंब उलटं फसवतं. मृग बहार धरायचा तर उन्हाळ्यात बागेचं पाणी तोडून ताण देतात, पानगळ करतात. मेच्या चित्रात ती बाग उजाड जमीन. लाखो रुपये घातलेली बाग माझ्या नकाशात ‘तीव्र अवनती’ म्हणून आली होती. एकाच महिन्याच्या चित्रावर विसंबू नका. वर्षभरातली सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी हिरवाई दोन्ही घ्या, बाग आपोआप वेगळी पडते.

२९ मार्च

चराईचा दाब. मेडालसच्या व्यवस्थापन निर्देशांकासाठी हेक्टरी जनावरं लागतात. विसाव्या, २०१९ च्या पशुगणनेचे गाववार आकडे गायरानाच्या क्षेत्राने भागले आणि धनगरवाड्या असलेली गावं लाल झाली.

आकडे खोटे नाहीत. पण ही मेंढरं गावात असतात किती? दिवाळी झाली की वाडे (मेंढपाळ कुटुंबांचे तळ) बाहेर पडतात, कोकणात किंवा नदीखोऱ्यांतल्या बागायतीत. शेतात मेंढरं बसवून खत देतात, पावसाच्या तोंडाला परत येतात. कोरड्या महिन्यांत, माळ सर्वांत नाजूक असताना, कळप इथे नसतातच. उलट ज्या गावात मेंढी एक नाही पण दावणीची गुरं आणि शेळ्या आहेत, तिथे गावालगतचं गायरान बारा महिने तुडवलं जातं. आकडा बदलला: जनावर गुणिले माळावर असण्याचे महिने. महिन्यांची माहिती कुठल्याही कागदावर नाही, वाड्यांवर जाऊन विचारावी लागली. लाल रंग धनगरवाड्यांवरून उठला आणि गावठाणाभोवती कडं करून बसला. पहारीने मोजलेल्या धुपेशीही तो जुळतो.

नकाशावर जात-व्यवसाय असा अलगद लाल होतो, आणि मग चराईबंदीचा ठराव नेमका कुणाविरुद्ध होतो, ते वेगळं सांगायला नको.

१४ एप्रिल

ताली. १९७२ च्या दुष्काळात आणि पुढे रोजगार हमीवर या भागात दगडमातीच्या ताली (उतारावरचे आडवे बांध) आणि पाझर तलाव उभे राहिले. उतारावरची निम्मी शेती त्या तालींच्या जिवावर उभी आहे. तीस मीटरच्या उंचीच्या प्रारूपाला ताल दिसत नाही, आणि पाण्याच्या वाटा काढायला ‘खड्डे भरा’ ही आज्ञा दिली की पाझर तलावही बुजतात. माझं धुपेचं गणित ताली नसलेल्या डोंगराचं होतं. म्हणून चांगल्या चित्रावरून हाताने आखल्या, आणि फुटलेल्या वेगळ्या रंगात. कंटाळवाणं काम, पण नकाशातला सर्वांत उपयोगी थर हाच निघाला. घळी जिथे पडल्यात तिथे वरच्या अंगाला जवळजवळ प्रत्येक वेळी फुटलेली ताल सापडते. वरची फुटली की पुढच्या दोन-तीन पाठोपाठ जातात.

बागायती पट्ट्यातल्या खारवट जमिनीचं थोडक्यात. नदीकाठच्या भारी जमिनीत फेब्रुवारी-मार्चमध्ये पांढरी खपली येते, ती चित्रातही चमकते. पण नुकती नांगरलेली कोरडी जमीन आणि कच्चा रस्ताही तसाच चमकतो. नमुने तपासायला दिले. प्रयोगशाळेचा क्षारतेचा आकडा १:२.५ द्रावणाचा (एक भाग माती, अडीच भाग पाणी) असतो आणि पुस्तकातली ४ ची मर्यादा संपृक्त अर्काची, म्हणजे जेमतेम भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याची. दोन्हींची थेट तुलना करू नका, नाहीतर सगळं रान निर्दोष सुटतं.

९ मे

आचारसंहितेमुळे ग्रामसभा नाही. परवा मतदान झालं, काल संध्याकाळी पारावर नुसताच नकाशा पसरला.

पहिला प्रश्न: “आमचं गाव पिवळं का? शेजारचं लाल हाय, त्यांना निधी मिळणार.” दुसऱ्याची चिंता उलटी, लाल दाखवल्यावर जमिनीला भाव कोण देणार. दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. म्हणून दोन बदल. गावाला सरासरी रंग देणं बंद, नुसते जमिनीचे तुकडे दाखवायचे. आणि वर्ग समान वाटणीने पाडायचे नाहीत. सॉफ्टवेअरचा तो सोयीचा पर्याय आहे, पण त्यात दर पाचवा तुकडा ‘अतिगंभीर’ येणारच, तालुका नंदनवन असला तरी. मर्यादा मोजलेल्या खुणांवरून ठरवल्या: मुळ्या उघड्या पडल्या का, चऱ्या आहेत का, घळ आहे का. ‘वाळवंटीकरण’ हा शब्दही सूचीतून काढला. आता चारच ओळी: ‘टिकून आहे’, ‘गवत घटतंय’, ‘माती जातेय’, ‘बाभळीने व्यापलं’.

एक जण नकाशाकडे बराच वेळ बघून म्हणाला, की एका ओढ्याच्या बाजूचा तुकडा चुकलाय, तिथून गेल्या वर्षी रस्त्यासाठी मुरूम उचलला. जाऊन पाहिलं. बरोबर होतं. नवा खड्डा, आणि त्याच्या काठाने वरचा माळ ढासळतोय. मुरमाच्या खाणी हा स्वतंत्र थर केला. तो उपग्रहापेक्षा पारावर लवकर भरला.

१६ जून

पहिले पाऊस झाले. वाडे परतताहेत. नकाशात ‘गवत घटतंय’ म्हणून दाखवलेल्या तुकड्यांपैकी दोन गायरानांवर गावांनी तोंडी बंदी ठरवली आहे, परतलेल्या वाड्यांशी बोलून, चराईची दुसरी वाट ठरवून. लेखी ठराव पुढच्या ग्रामसभेत. ‘माती जातेय’ पट्ट्यात नवे चर काढायचे नाहीत, फुटलेल्या ताली आधी बांधायच्या, याला कुणाचा विरोध झाला नाही. पैसे कुठून, यावर गाडी अडली आहे.

खर्चाचं: सॉफ्टवेअर आणि चित्रं फुकट. पैसा गेला तो पेट्रोल, माती तपासणी आणि मोठ्या छपाईवर, याच क्रमाने. छपाई फ्लेक्सवर करून घ्या. कागद पारावर एक संध्याकाळ टिकत नाही. सर्वांत जास्त वेळ खाल्ला तो आधी चित्रं उतरवण्याने आणि मग मेडालसचे गुण जसेच्या तसे लावण्याने. पुन्हा करायचं झालं तर आधी महिनाभर पहार आणि वाड्यांवरच्या गप्पा, मग संगणक.

उरलेलं काम: कुकुडवाडकडच्या भागात खोलीची मोजणी विरळ आहे. आता जमीन ओली आहे तोवर पहार सहज जाते, ते याच पंधरवड्यात. बंदीच्या दोन्ही गायरानांत आणि शेजारच्या एकेका उघड्या माळावर खुंटे ठोकून गवताच्या चौकटी आखल्यात, प्रत्येक एक मीटर बाय एक मीटर. ऑक्टोबरअखेर कापून वजन करायचं, त्याच आठवड्यातलं सेंटिनेलचं चित्र घ्यायचं. वजन आणि चित्र जुळलं नाही तर वनस्पतीचा थर पुन्हा करावा लागेल.